ओट्याविना चहा

"बाकी सगळं आमचं, साहेब. चहाचं तेवढं तुमच्याकडे," मुकादम म्हणाला.

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो.

हे मी स्वयंपाकघरात, जुन्या ओट्याला टेकून, मोठ्या मनाचा माणूस जसा उभा राहतो तसा उभा राहून म्हणालो. उद्या सकाळी याच ओट्यावर घण पडणार आहे आणि चहाची शेगडीही याच ओट्यावर आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला वाटलं नाही. दारात उभ्या असलेल्या आमच्या हिला वाटलं.

"चहा करणार कुठे?" तिने विचारलं.

"करू कुठेतरी," मी म्हणालो. मोठी कामं निघाली की बायका नेमक्या बारीकसारीक गोष्टींत अडकतात, असं माझं तोवर मत होतं.

ओटा पाडण्याचं कारण म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि महिनाअखेरीला त्या आमच्याकडे राहायला येणार होत्या. उभं राहायला डॉक्टरांची बंदी, आणि नुसतं बसून राहायला त्यांच्या स्वभावाची. तेव्हा ओट्याचा एक भाग खाली घ्यायचा, म्हणजे आईला खुर्चीत बसून भाजी चिरता येईल, असं हिने ठरवलं. हिच्या शाळेत परीक्षा सुरू होत्या, रजा मिळणं शक्य नव्हतं. माझ्या रजा मात्र वर्षानुवर्षं साचून पडल्या होत्या. म्हणून देखरेखीचं काम माझ्याकडे आलं. सासूबाईंचं माझ्याविषयी मत तसं वाईट नव्हतं. "जावई चांगले आहेत," त्या म्हणत, "फक्त घरात असतात तेव्हा काय करतात ते कळत नाही."

आता थोडं माझ्या बाजूनेही सांगायला हवं. आमच्या कार्यालयात साडेदहा वाजता चहा येतो. 'येतो' हेच क्रियापद बरोबर आहे. सकाळ होते, वारा सुटतो, चहा येतो. बरोबर बशीत काहीतरी खायला येतं. तो चहा कोणीतरी करत असेल, त्याआधी कोणीतरी दूध आणत असेल, अशी शंकाही मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी शिवली नव्हती. मी तक्रार विभागाचा प्रमुख आहे. लोकांच्या तक्रारी ऐकण्यात माझा दिवस जातो. चहाबद्दल मात्र एकही तक्रार कधी माझ्यापर्यंत आली नव्हती.

पहिल्या दिवशी सकाळी घण पडायला लागले आणि साडेदहाला ते थांबले. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. वर गेलेला हातोडा वरच्या वर थांबला आणि हळूच खाली ठेवला गेला. मुकादम, गवंडी, फरशीवाला, बिगारी आणि प्लंबर असे पाच जण बाहेरच्या खोलीत आले, भिंतीला पाठ लावून ओळीने बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्याकडे पाहू लागले.

मी त्यांच्याकडे पाहून हसलो.

ते हसले नाहीत.

मग मला आठवलं. मी लगबगीने आतल्या खोलीत गेलो. तिथे स्वयंपाकघराचा सगळा संसार मी आदल्या रात्री खोक्यांत भरून ठेवला होता आणि प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत आतल्या मालाचं नाव लिहिलं होतं. पहिल्या खोक्यावर 'डबे' असं होतं. बाकीच्या सगळ्या खोक्यांवर 'इतर'. चहाची पूड कुठल्या 'इतर'मध्ये आहे हे शोधता शोधता मला गाळणी सापडली, हरवलेला चष्मा सापडला, आणि हिने माझ्यापासून लपवून ठेवलेला सुक्या मेव्याचा डबाही सापडला. शेगडी गाद्यांच्या ढिगाखाली होती. बाहेर पाच माणसं भिंतीला टेकून तशीच बसलेली होती. त्यांतला एक जण खोकला.

मी थर्मास घेतला आणि कोपऱ्यावरच्या टपरीकडे पळालो.

मुकादमाने कप तोंडाला लावला, घोट घेतला, आणि कप खाली ठेवला.

"टपरीचा?"

"हो."

"हं," मुकादम म्हणाला.

हे 'हं' मी कार्यालयात अनेकदा उच्चारलेलं आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आपलं काम होणार नाही हे त्यातून समजतं. आज पहिल्यांदाच मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो.

प्लंबर तसा मोकळा माणूस. तो म्हणाला, "साहेब, विकतच्या चहावर काम उरकता येतं. करता नाही येत."

दुसऱ्या दिवशी दोघेच आले. मुकादमाला फोन केला, तर तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "समोरच्या इमारतीत एक बारीकसं काम निघालंय, साहेब. झालं की येतोच. तिथल्या वहिनी चहा घरी करतात." शेवटचं वाक्य त्याने सहज म्हणून सांगितलं. कामाच्या माणसांची टोमणा मारायची रीतच वेगळी. टोमणा बसतो आणि मारणारा मात्र कुठे दिसत नाही.

संध्याकाळी ही शाळेतून आली. स्वयंपाकघराच्या जागी राडारोड्याचा ढीग होता, भांडी घासायचं बेसिन सोफ्यावर पाहुण्यासारखं बसलं होतं. रात्रीचं जेवण म्हणजे पाव आणि लोणी.

"आई येणार आहे महिनाअखेरीला," ती म्हणाली. "तिला या ढिगावर बसवायचं का? कार्यालयात एवढी माणसं सांभाळता म्हणता, इथे पाच जणांचा चहा होत नाही?"

"कार्यालयात मी चहा करत नाही."

"मग काय करता?"

मी पावावर आणखी थोडं लोणी लावलं.

चहा घरी करायचा हे नक्की झालं. प्रश्न जागेचा होता. झोपायच्या खोलीत शेगडी ठेवावी म्हटलं, तर ही म्हणाली, "गाद्यांच्या शेजारी जाळ? मी अजून विधवा व्हायला तयार नाही." समोरच्या काकू म्हणाल्या, "अरे, मी देते ना करून! शेजारी कशाला आहोत?" पण काकांना मधुमेह झाल्यापासून काकूंच्या घरात साखरेला बंदी आहे, आणि ती बंदी त्या पाहुण्यांनाही लागू करतात. त्यांच्या घरचा चहा पिऊन बाहेर पडलेला माणूस प्रायश्चित्त घेऊन आल्यासारखा दिसतो. तसला चहा मुकादमापुढे ठेवायची माझी हिंमत नव्हती. उरली गॅलरी.

तिथे मी एका स्टुलावर शेगडी मांडली. मुकादमाला निरोप दिला, 'उद्या चहा घरचा.' सगळे आले. साडेदहाच्या जरा आधी मी पातेलं चढवलं आणि त्या क्षणापासून मला कळून चुकलं, की गॅलरीत चहा करणारा माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते.

"आलं आधी घाल रे," समोरच्या काकू त्यांच्या खिडकीतून ओरडल्या.

"आल्याने दूध फाटतं," वरच्या मजल्यावरून एक आवाज आला. कोणाचा ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"दूध आधी टाकलं तर फाटतं. उकळी येऊ दे!"

"साखर विरघळल्याशिवाय पूड टाकू नका हो!"

"मोठ्या आचेवर ठेवा, वारा आहे!"

"बारीक करा, वारा आहे!"

मी सगळ्यांचं ऐकलं. तक्रार विभागात माझी ख्यातीच ती आहे. आच मोठी केली, बारीक केली, आलं घातलं, थोडं काढलं, आणि वरच्या आवाजाला मान वर करून "किती मिनिटं?" असं विचारत असताना दूध उतू गेलं. नुसतं पातेल्याबाहेर गेलं असतं तर मी काही म्हणालो नसतो. ते स्टुलावरून खाली आलं, गॅलरीच्या कडेने वळलं, आणि जणू वाट माहीत असल्यासारखं खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या एका पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या खांद्यावर उतरलं.

तो शर्ट फौजदारांचा होता.

फौजदार म्हणजे आमच्या सोसायटीचे सचिव. पोलीस खात्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. ते लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. फौजदार हे नाव त्यांना इमारतीने दिलं. मागून सगळे त्यांना तसंच म्हणतात. समोर कोणी काहीच म्हणत नाही, कारण समोर आले की तेच बोलतात. ते एकटे राहतात, शर्ट स्वतः धुतात आणि स्वतः इस्त्री करतात.

पातेल्यात जो चहा उरला तो मी कामगारांना दिला. प्रत्येकाला अर्धा कप आला, सोबत दोन बिस्किटं. मुकादमाने घोट घेतला. शाळेच्या निकालाच्या दिवशीही मी इतका घाबरलो नव्हतो.

"चव आहे," मुकादम म्हणाला. "माप नाही. पण घरचा आहे."

त्या दिवशी भिंतीचं प्लास्टर पूर्ण झालं. मी खुशीत होतो. संध्याकाळी दाराच्या फटीतून नोटीस आत सरकली.

'तिसऱ्या मजल्यावरील सदस्याने सज्ज्यात उघड्यावर ज्वाला पेटवून खालील मजल्यावरील सदस्याच्या वस्त्रावर उष्ण द्रव सोडल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रकार तात्काळ बंद करावा. अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.'

मी स्वतः आयुष्यभर अशीच पत्रं लिहिली आहेत. खोटं कशाला सांगू, मला ती भाषा आवडली. 'उष्ण द्रव' तर फारच. पण माझ्या स्वयंपाकघराचं भवितव्य त्या उष्ण द्रवावर अवलंबून होतं, म्हणून मी धुतलेला शर्ट घातला आणि खाली गेलो.

"गॅलरीत शेगडी ठेवायची परवानगी हवी होती," मी म्हणालो.

"अर्ज करा," फौजदार म्हणाले.

"कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"तोंडी चालेल?"

"तोंडी मी 'सुप्रभात'सुद्धा स्वीकारत नाही. अर्ज करा. तो कमिटीपुढे ठेवला जाईल."

"कमिटीची बैठक कधी आहे?"

"अध्यक्ष आले की."

"अध्यक्ष कुठे आहेत?"

"परदेशी. मुलीकडे."

"कधी येणार?"

"त्यांना नातवंड झालं की."

"ते कधी होणार?"

"हा त्यांच्या घरचा खासगी प्रश्न आहे," फौजदार म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

माझ्या सासूबाईंचा नवा गुडघा आणि अध्यक्षांचं होऊ घातलेलं नातवंड यांच्यात आता शर्यत लागली होती. मी परत वर आलो, तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. आमच्या मजल्यावर कोणाचा अपमान झाला की काकूंना तो जिन्यातच कळतो.

"विजेची किटली आण," त्या म्हणाल्या. "ज्वाला नाही, धूर नाही. नियमात किटलीचं नाव कुठाय? दूध मी तापवून देते. आणि हे बघ, नुसता चहा कामगाराच्या पोटात वाजतो. बिस्किटं काय देतोस, लहान मुलांसारखी? काहीतरी पोटाला आधार होईल असं दे. अंडी उकड."

"कशात?"

"किटलीत! आणखी कशात?"

किटली आली. किटली ही वस्तू एकट्या माणसासाठी केलेली आहे हे तिच्यात पाणी ओतल्यावर समजतं. पाच जणांचा चहा तीन खेपांत होऊ लागला. पहिल्याचा कप रिकामा व्हायचा तेव्हा पाचव्याचं पाणी तापत असायचं, आणि पाचव्याला सोबत म्हणून पहिला पुन्हा बसायचा. सुट्टी लांबत लांबत जेवणाच्या सुट्टीला जाऊन मिळाली. शिवाय त्याच किटलीत आधी अंडी उकडल्यामुळे चहाला एक वेगळाच वास येत होता. गवंडी हा अबोल माणूस. पंधरवड्यात त्याचा आवाज मी दोनदा ऐकला असेन. त्यातला एकदा तेव्हा. "कोंबडी पडली का यात?" त्याने विचारलं.

म्हणून मी दुसरी किटली आणली. एक चहाला, एक अंड्यांना. दोन्ही एकदम लावायच्या, सगळं एकाच वेळी तयार. रात्री हिला हे सांगितलं तेव्हा मी जरा छाती पुढे काढली होती. "विजेचं काय?" ती म्हणाली. मी म्हटलं, "वीज आपल्याच घरची आहे."

हे पूर्ण सत्य नव्हतं. आमच्या इमारतीचं वायरिंग म्हणजे एकत्र कुटुंब आहे. एकाच्या खोलीत खटका उडाला की सगळ्यांच्या खोलीत अंधार. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवाल्याने फरशी कापायचं यंत्र सुरू केलं होतं. त्याच्या आवाजाने वरचे, खालचे, समोरचे सगळे दातओठ खात होते. साडेदहा होत आले. मी एक किटली लावली. तिने सूं केलं. दुसरी लावली. तिनेही सूं केलं. दोघींना एकदमच उकळी आली, अंडी आत टणाटण उड्या मारू लागली, यंत्र किंचाळत होतं, आणि मी कप मांडत मनाशी म्हणत होतो की व्यवस्थापन म्हणतात ते यालाच. तेवढ्यात खाली कुठेतरी ठाप्प असा आवाज झाला.

यंत्र थांबलं. पंखे थांबले. कोणाचा तरी रेडिओ अर्ध्या शब्दावर गप्प झाला. इतकी शांतता आमच्या इमारतीत मी कधीच ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत लिफ्टच्या बाजूने आवाज आला,

"कोण आहे तिकडे?"

आम्ही सगळे बाहेर धावलो. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत फौजदार होते. त्यांचं डोकं आमच्या मजल्याच्या फरशीला समांतर आलं होतं, त्यामुळे ते आम्हा सगळ्यांच्या पायांशी बोलत होते. त्यांच्या हातात एक कागद होता.

"एका मजल्यासाठी लिफ्टने आलात?" काकूंनी विचारलं.

"देखभालीचा खर्च भरतो मी," फौजदार पायांना म्हणाले. "हे काय आहे? कोणी केलं हे?"

मी माझे पाय जरा मागे घेतले.

मुकादमाने लिफ्टचं नीट निरीक्षण केलं. "वायरमन येऊन मेन स्विच बंद करेपर्यंत आत हलायचं नाही, साहेब. मध्येच वीज आली तर भलतंच व्हायचं." पहारेकरी वायरमनला आणायला धावला. फौजदारांनी फटीतून सरपटत बाहेर यावं असं प्लंबरने सुचवलं, पण सचिवपदाला ते शोभलं नसतं हे त्याचं त्यालाच पटलं.

मग काय करायचं? कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. साडेदहा वाजले होते. वीज नसल्यामुळे काम होणार नव्हतं. चहा मात्र झालेला होता. जाण्याआधी विजेने तेवढी एक गोष्ट पुरी केली होती.

"पंख्याविना आत कशाला बसायचं?" मुकादम म्हणाला. "इथेच बसू. साहेबांना सोबत होईल."

आणि पाचही जण लिफ्टसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. आता सगळ्यांची तोंडं फौजदारांच्या तोंडासमोर आली. मी चहा ओतला, काकूंनी आणलेलं गरम दूध घातलं, साखर घातली, अंडी सोलून मीठ-मिरपूड लावली. वास जाळीतून आत गेला. फौजदार भिंतीकडे बघत राहिले.

"साहेब, घेणार?" प्लंबरने विचारलं.

"मी पदावर असताना कोणाचं काही घेत नाही."

"पदावर कुठे आहात?" काकू म्हणाल्या. "मधल्या मध्ये आहात. घ्या गुमान."

मुकादमाने जाळी चार बोटं सरकवली. मी गुडघ्यांवर बसून कप आत दिला. एखाद्या माणसाने आपल्या शर्टावर दूध सांडणाऱ्याच्या हातून चहा घेणं ही सोपी गोष्ट नाही. फौजदारांनी कप घेतला. एक घोट घेतला. मग दुसरा. मग अंडं घेतलं आणि सोलताना राहिलेली टरफलं कुठे टाकावीत म्हणून इकडेतिकडे पाहिलं. शेवटी हातातला कागद त्यांनी उलटा करून लिफ्टमधल्या फळीवर पसरला. टरफलं त्यावर पडली. तो कागद म्हणजे माझ्या नावाची दुसरी नोटीस होती, फरशी कापायच्या आवाजाबद्दलची. कोंबडीने सरकारी कामकाजात केलेली इतकी मोलाची मदत माझ्या पाहण्यात नाही.

"आमच्या खात्यात असायचा साडेदहाचा चहा," फौजदार अंडं संपवून म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "सगळे एका टेबलाभोवती. कोणी भाजलेले दाणे आणायचं, कोणी केक. भांडणं सगळी तिथेच मिटायची. दिवसभर ज्याच्या हिशेबात चुका काढायच्या त्याच्याच डब्यातलं खायचं."

मी त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला.

"निवृत्त झालो. आता साडेदहा वाजले की काय करावं सुचत नाही," ते म्हणाले. "म्हणून नोटिसा लिहितो."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला, असं मी सांगितलं असतं, पण त्या म्हणाल्या, "अहो, मग आधी सांगायचं नाही का? इमारतीने काय वाईट केलं होतं तुमचं?" फौजदार हसले. त्यांना हसता येतं हे सोसायटीच्या कुठल्याही इतिवृत्तात नमूद नव्हतं.

वायरमन आला तेव्हा फौजदारांचा दुसरा कप चालू होता. तो संपेपर्यंत थांबायला त्यांनी वायरमनला सांगितलं, आणि वायरमनलाही एक कप द्यायला मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेदहाला दारावरची घंटा वाजली. फौजदार हातात स्वतःचा कप घेऊन उभे होते.

"पाहणीसाठी आलोय," ते म्हणाले. "त्या किटल्या आजपासून बंद. इमारतीच्या वायरिंगला धोका आहे. शेगडी गॅलरीतच ठेवा. तीन अटी. वाऱ्याला पत्र्याचा आडोसा हवा. खाली ताट ठेवायचं. आणि ज्वाला पेटलेली असताना कमिटीचा एक जबाबदार पदाधिकारी जातीने हजर पाहिजे."

"पण कमिटीचे अध्यक्ष तर परदेशी..."

"मी आहे ना," फौजदार म्हणाले आणि भिंतीला पाठ लावून मुकादमाशेजारी बसले.

त्यानंतर कामाला जो वेग आला त्याचं श्रेय कोणाला द्यावं, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. मी म्हणतो, चहाला. कारण आडोशामागे आच नीट लागू लागली आणि माझा हात बसला. आलं कधी घालायचं हे मी कोणालाही न विचारता ठरवू लागलो. वरून कोणी सल्ला दिला तर मी "हं" म्हणत असे. ही म्हणते, श्रेय फौजदारांचं. कारण चहा पिता पिता ते विचारत, "काल म्हणालात फरशी आज पूर्ण होईल. झाली?" आणि लेखापरीक्षकाने समोर बसून विचारलेल्या प्रश्नाला 'होईल' हे उत्तर देणं फार अवघड असतं. प्लंबर, जो आधी फक्त चहाच्या वेळेला उगवत असे, तो आता चहाच्या आधी येऊन नळ जोडू लागला. काकू बटाटे उकडून आणू लागल्या. वरच्या मजल्यावरून तो अनामिक आवाज खाली केक पाठवत असे, दोरीला पिशवी बांधून. केक उत्तम असायचा. आल्याबद्दलचं मत मात्र मी शेवटपर्यंत मानलं नाही.

ओटा तयार झाला. काळा, गुळगुळीत, आणि एका बाजूला खुर्चीत बसून हात पोचेल इतका खाली घेतलेला. सासूबाई काठी टेकत आल्या, तेव्हा फक्त झाडलोट आणि दोन नळांच्या तोट्या घट्ट करणं बाकी होतं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, खालच्या ओट्याखाली पाय घातले, तळहात फिरवला, आणि काही बोलल्या नाहीत. सासूबाई नावं ठेवायला जागा मिळाली नाही की गप्प बसतात. ती त्यांची शाबासकी.

तेवढ्यात साडेदहा झाले. कामगारांचा तो आमच्याकडचा शेवटचा चहा. मी नव्या ओट्यावर शेगडी पेटवली, आधण ठेवलं, आलं ठेचलं, पूड टाकली, दूध घातलं, वर आलेला चहा दोनदा पळीने खाली बसवला आणि एक थेंबही न सांडता कप भरले. सासूबाई खुर्चीतून हे सगळं पाहत होत्या. शेवटी त्यांनी मुलीला विचारलं,

"हे चहा कधीपासून करायला लागले?"

"ओटा नव्हता तेव्हापासून," ही म्हणाली. पण ते म्हणताना ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मी लग्न झाल्यावर पहिल्या वर्षात दोन-तीनदा पाहिली होती, आणि नंतर माझ्या हातून ती कुठेतरी 'इतर'मध्ये गेली असावी असं मला वाटत होतं.

मुकादमाने कप रिकामा केला. मग तो उठला, हात पुसला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्याच्या हाताला सिमेंट होतं. मी तो हात दुपारपर्यंत धुतला नाही.

माझी रजा संपायला दोन दिवस उरले होते. त्या सकाळी घंटा वाजली. दारात फौजदार उभे होते, अंगात तोच पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. आत येईनात.

"माझ्या न्हाणीघराचं काम काढतोय," ते म्हणाले. "मुकादम तयार आहे. दर ठरला. फक्त त्याने एक अट घातलीय."

"कसली?"

फौजदारांनी छताकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. "चहा वरच्या साहेबांच्या हातचाच पाहिजे म्हणतो. नाहीतर दुसरीकडे बघा म्हणतो."

मी दाराच्या चौकटीला टेकलो. घाई कशाची होती?

"अर्ज आणलाय?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून काढून दिला. रीतसर होता, दोन प्रतींत. विषय: साडेदहाच्या चहाबाबत. मी तो सावकाश वाचला. 'विचार करून कळवतो' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. नोकरीत ते मी हजारो लोकांना सुनावलं आहे, पण इतक्या योग्य माणसाला सुनावायची संधी आजवर मिळाली नव्हती.

"जावईबापू!" आतून सासूबाई ओरडल्या. "दारात कोणाला ताटकळत ठेवलंय? आत घ्या त्यांना, आणि आधण टाका. माझाही घ्या, साखर जरा जास्त."

फौजदार आत आले. मी तो अर्ज नव्या ओट्यावर ठेवून त्यावर 'मंजूर' असं लिहिलं, सही केली, आणि एक प्रत त्यांना परत दिली. मग आधण टाकलं. ते उकळेपर्यंत कार्यालयात रजा वाढवण्याचा अर्ज लिहून टाकला. कारणाच्या रकान्यात पेन क्षणभर अडलं. मग मी ठामपणे लिहिलं, 'कार्यबाहुल्य'.